बांधकामाचे नियम कडक झाल्यामुळे पुण्यात घरं महागली का?

महागली, थोडी. पण भूकंपासाठी कॉलम जाड करायच्या ज्या नियमाच्या नावाने सगळे बोटं मोडतात त्याने नाही. हेच मी आमच्या दादाला इतकी वर्षं सांगतोय.

२०१८ साली धायरीत वडिलांच्या प्लॉटवर आम्ही दोघा भावांनी दुमजली घर बांधायला काढलं. मी आयुष्यभर साइटवर, म्हणून आरसीसीचं, म्हणजे सळई-काँक्रीटचं, काम माझ्याकडे. पूर्वी कॉलम नऊ इंची, २३० मिलिमीटरचा, प्लास्टर झालं की भिंतीत गडप. आयएस १३९२०, म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाचा भारतीय कोड, त्याची २०१६ ची आवृत्ती आली आणि कॉलमची कमीत कमी जाडी ३०० मिलिमीटर झाली. पुणे तेव्हा भूकंपाच्या झोन ३ मध्ये, म्हणजे आपल्यालाही लागू. कॉलम खोलीत पावणेतीन इंच पुढे आला आणि वहिनींचं कपाट कोपऱ्यात बसेना. वास्तुशांतीच्या पंगतीत, पाहुण्यांसमोर दादा म्हणाला, "तुझ्या कोडापायी घर लहान झालं, खर्चही वाढला."

हिशोब मांडतो. जुन्या पद्धतीचा २३० बाय ६०० चा कॉलम म्हणजे १,३८,००० चौरस मिलिमीटर. आम्ही घेतला ३०० बाय ४५०, म्हणजे १,३५,०००. काँक्रीट उलट किंचित कमीच! वाढलं ते उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचं काम. बीमच्या जोडाजवळ रिंगा जवळजवळ, हूक १३५ अंशांत आत वळवलेले. फिटरने मजुरी वाढवून मागितली, मी दिली. काटकोनातला हूक हादऱ्यात उघडतो, मग उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम जातो. २००१ च्या भूज भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत, खाली मोकळं पार्किंग असलेल्या इमारती कोसळल्या. पुण्यात कुठल्या सोसायटीखाली पार्किंग नाही?

दर चढतो तो जमिनीने आणि एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या प्रमाणाच्या, प्रीमियमने. डिसेंबर २०२० च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीने बांधायला जास्त मिळालं हे खरं, पण त्यातलं बरंचसं महापालिकेत पैसे भरून. ते शेवटी तुमच्याच फ्लॅटच्या किमतीत येतात.

उंच टॉवरचा हिशोब वेगळा, हे मान्य. तिथे आरसीसी भिंती आल्या की सळई खरोखर वाढते. पण चार-पाच मजल्यांचा बिल्डर "कोडमुळे दर वाढवला" म्हणाला, तर कॉलमचं शेड्यूल, म्हणजे मापांचा तक्ता, मागा आणि मापं स्वतः गुणून बघा. कपाटाचं काय, सुतार तीन इंच कापून देतो. वहिनींचंही दिलं होतं. पैसे मी भरले होते, तेवढं मात्र दादा कुणाला सांगत नाही.