जास्वंदीवरचा पांढरा कापूस

प्रश्न: गॅलरीतल्या जास्वंदीच्या कळ्यांवर पांढरा कापूस धरलाय. रासायनिक औषध नको म्हणून गवती चहाचं तेल पाण्यात घालून दुपारी फवारलं. पानं करपली, कापूस तसाच! घरात मांजर आहे. काय करू?
– एक वाचक भगिनी, परळ

उत्तर: ताई, गिरगावात आमच्या चाळीच्या गॅलरीत मीही असंच भर उन्हात तेल फवारलं होतं. ऐन गणपतीच्या तोंडावर सगळ्या कळ्या गळाल्या. त्याची हळहळ अजून वाटते.

तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, पाणी नुसतं ओघळून जातं. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून निव्वळ तेलाचे थेंब पानावर पडले आणि पान करपलं. शिवाय गवती चहाचं तेल वाफेवर काढलेलं, लवकर उडून जाणारं. इथे निंबोळ्यांचं, घाण्याचं तेल हवं. त्यातलं ॲझाडिरॅक्टिन किडीची भूक मारतं, पिल्लांना कात टाकू देत नाही.

आधी ओल्या फडक्याने कापूस पुसा, फार भरलेले शेंडे छाटा. अर्धा कप कोमट पाण्यात पाव चमचा भांड्यांचा लिक्विड साबण आणि ५ मिली निंबोळी तेल घालून दुधासारखं पांढरं होईस्तोवर ढवळा, मग लिटरभर पाणी घाला. वर तवंग दिसला तर पुन्हा ढवळा, तसंच फवारू नका. ऊन उतरल्यावर पानांच्या खालून आणि कळीच्या देठाशी मारा. दर ७ दिवसांनी, तीन-चार वेळा, कारण अंड्यांतून पिल्लं निघतच राहतात.

आणि मुंग्यांची रांग बघितलीत का? ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याला राखतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. फांद्या ग्रिलला टेकू देऊ नका. कुंडीभोवती रुंद चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीन फासा. बशीत पाणी ठेवून मुंग्या अडवू नका. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

फवारा वाळेपर्यंत मांजर आत ठेवा. लवंग, निलगिरी, पुदिना, टी ट्री यांची तेलं मात्र गॅलरीत आणूच नका. मांजर अंग चाटतं, तेल पोटात जातं, आणि तिच्या यकृताला ते पचत नाही.