रेवाची पिल्लं आणि १० एप्रिलची फी

पत्र इंदूरच्या सुदामानगरमधल्या एका ताईंचं आहे. मजकूर थोडक्यात असा. नवरा पीथमपूरला कारखान्यात, त्या स्वतः शाळेत अर्धवेळ. घरखर्च महिन्याला ४५,००० च्या आसपास, हात आखडता घेतला तर आठेक हजार उरतात. बँकेत दीड लाखाची एफडी, बचत खात्यात तीसेक हजार. मुलगी दहावीत आहे. तिचं नाव भंवरकुआंच्या एका क्लासला घालायचं ठरलंय आणि त्याचे ९०,००० रुपये १० एप्रिलच्या आत भरायचेत. घरात रेवा नावाची अडीच वर्षांची लॅब्राडोर आहे. वंशावळीचे कागद नाहीत, ओळखीतून आणलेली. ज्यांच्याकडे नर आहे ते पैसे घेणार नाहीत, पिल्लांतलं एक निवडून नेतील. ‘आठ पिल्लं झाली आणि एकेक १५,००० ला गेलं, तर वीस हजार खर्च वजा जाता लाखभर सुटतो. त्यात फी भागेल. सुरुवातीच्या खर्चासाठी एफडीतले पन्नास हजार मोडावेत का?’

ताई, आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा, पैशांचं नंतर बघू. रेवा जुलैच्या मध्यावर माजावर आली होती असं तुम्ही लिहिलंय. कुत्रीचा माज साधारण सहा महिन्यांनी येतो, म्हणजे आता जानेवारीच्या मध्यावर. माज सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी नर दाखवून उपयोग नसतो, बीज सुटायला दहा-बारा दिवस लागतात. २७ जानेवारी धरू. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. म्हणजे रेवा ३१ मार्चच्या आगेमागे व्याणार. १० एप्रिलला, ज्या दिवशी क्लासच्या खिडकीवर तुम्ही उभ्या असाल, त्या दिवशी पिल्लं दहा दिवसांची असतील आणि अजून त्यांचे डोळेही धड उघडले नसतील. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला कायद्यानंच बंदी आहे. म्हणजे पहिलं पिल्लू २६ मेच्या आधी घराबाहेर पडणार नाही, आणि पैसेही त्याच्याआधी येणार नाहीत.

हे सगळं ठरल्यासारखं घडलं तर. माज महिनाभर पुढे गेला, किंवा पहिल्या खेपेला गर्भ राहिलाच नाही, तर पावसाळा आला. माझा नकार इथेच ठरतो. फीला तारीख आहे आणि रक्कमही ठरलेली आहे, पिल्लांना दोन्ही नाही.

तरी हिशेब मांडतो, कारण लाखाचा आकडा तुमच्या डोक्यातून तसा जाणार नाही. खालचे खर्च मी माझ्या अंदाजानं धरलेत, तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि माझे खोडा.

नर दाखवण्याआधी कंबरेच्या आणि कोपराच्या सांध्यांचे एक्स-रे. लॅब्राडोरमध्ये हा दोष पिढीजात उतरतो, आणि लंगडं पिल्लू विकलं की वर्षभरानं घेणारा तुमच्याच दारात येतो. रक्ततपासणी, गोचीड तापाची तपासणी, रेवा आणि नर दोघांचीही ब्रुसेलाची तपासणी (हा संसर्ग माणसालाही लागू शकतो), शिवाय रेवाच्या राहिलेल्या लशी आणि जंताचं औषध. याचे ९,००० धरले. नर दाखवायचा योग्य दिवस कळावा म्हणून रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी दोन-तीनदा होते, त्याचे ४,५००. पंचविसाव्या दिवसानंतरची सोनोग्राफी, पंचावन्नाव्या दिवसानंतर पिल्लं मोजायचा एक्स-रे आणि डॉक्टरांच्या फेऱ्या मिळून ४,०००. रेवाचा वाढीव खुराक १२,०००. दूध पाजताना कुत्रीला नेहमीच्या दुप्पट, कधी तिप्पट अन्न लागतं, आणि लॅब्राडोरचं नेहमीचंच किती ते तुम्ही जाणता. लाकडी खोका, दिवा, जंतुनाशक, चादरी ५,०००. सात पिल्लांची जंताची औषधं (दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी), पहिली लस आणि तपासणी १०,५००. चौथ्या आठवड्यापासून त्यांचं खाणं १४,०००. कातडीखाली बसवायची ओळखीची मायक्रोचिप ५,६००.

आणि नोंदणी. कुत्र्यांची पैदास करून विकण्यासाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. घरी एकच मादी असली तरी विकायचं म्हटलं की राज्य जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंद करावी लागते. फी ५,०००, मुदत दोन वर्षं. मादी १८ महिन्यांची पूर्ण हवी, ती रेवा आहे. ‘कोण विचारतंय’ असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांना एवढंच विचारा की कुणी विचारलं तर सही कुणाची?

बेरीज ६९,६००. तुमच्या वीस हजारांत पिल्लांच्या लशी आणि खाणंही पुरतं बसत नाही.

आता जमेची बाजू. तुम्ही आठांना पंधरा हजारांनी गुणलंत, पण नरवाले निवडून नेणार ते पिल्लू त्या आठांतलंच. तेही सगळ्यांत गुटगुटीत असेल. मी सात जन्मतील असं धरतो, लॅब्राडोरला सहा ते आठ सर्वसाधारण. एक गेलं नरवाल्यांकडे. एक जगलं नाही असं धरावंच लागतं, पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही आणि एखादं मागे पडतंच. राहिली पाच. कागद नसलेल्या पिल्लाला मी दहा हजारांवर धरत नाही. ५०,००० आले, ६९,६०० गेले. तुमच्याच मनासारखं झालं, आठ जन्मली, सगळी जगली, सात पूर्ण पंधरा हजारांना गेली, तर आठव्या पिल्लाचा खर्च धरून ३१,१०० उरतात. म्हणजे सगळं नशीब बाजूनं असूनही फीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतके, आणि तेही जूनमध्ये.

शिवाय नात्यातल्यांना नाही म्हणता येत नाही. एक पिल्लू नणंदेकडे ‘घरचंच’ म्हणून जाणार, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी मला दिसतंय.

मे महिन्याचाही विचार करा. इंदूरचा पारा चाळिशीपार, शाळांना सुट्ट्या, अर्धी कॉलनी मामाच्या गावाला. पिल्लू घ्यायला येणार कोण? जे आठ आठवड्यांत जात नाही ते दहाव्याला अधिक खातं आणि कमी किमतीला जातं. दुसरी लस तुमच्याच खर्चानं. सात पिल्लांखालचे कागद सकाळी कचरागाडीत द्यायचे, तेही ओलं-सुकं वेगळं करणाऱ्या शहरात. शेजारचे आठवडाभर कौतुक करतील, मग नाक धरतील.

यात सिझर धरलेलं नाही. त्याचे मी २५,००० बाजूला ठेवायला सांगतो, आणि का ते सांगतो. माझे मामा लोकमान्यनगरला राहायचे. त्यांच्याकडे स्पिट्झ होती, आम्ही सगळे पामेरियनच म्हणायचो. दोन पिल्लं झाली, तिसरं अडकलं. रात्रीचा दीड. ती जोर करत होती, बाहेर काही येत नव्हतं, आणि मामा घड्याळाकडे बघत ‘होईल, होईल’ म्हणत होते. ज्या दवाखान्याच्या पाटीवर ‘चोवीस तास’ लिहिलं होतं त्याचं शटर खाली होतं. फोनवर कुणीतरी सकाळी आणा म्हणालं. शेवटी मामीनं सिलिंडरसाठी डब्यात ठेवलेल्या नोटा काढल्या, आम्ही तिला चादरीत गुंडाळून रिक्षानं शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. ती वाचली, तिसरं पिल्लू नाही. मला आजही आठवते ती मामीची वही: उरलेल्या दोघांच्या गळ्यात तांबडी आणि हिरवी लोकर बांधून त्यांना रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची आणि ग्रॅममध्ये लिहून ठेवायची. सलग दोन दिवस वजन वाढलं नाही की दूध पुरत नाही हे तिला वहीवरून कळायचं. ती झोपायची कधी, कुणी विचारलं नाही.

कुत्री वीसेक मिनिटं जोरकस कळा देतेय आणि पिल्लू येत नाही, किंवा दोन पिल्लांमध्ये दोन तास गेले आणि आत अजून आहेत, तर सकाळची वाट बघायची नसते. म्हणून ‘रात्री फोन कोण उचलेल’ हा प्रश्न मी खर्चाच्या वहीतच लिहितो. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासूनचं आहे, दिवसा तपासणीला आणि दुसरं मत घ्यायला तिथे जरूर जा. पण रात्री दोनला सुदामानगरहून महू गाठायचं तर गाडी घरची लागते.

धोका बाळंतपणानंतरही असतो. दूध जोरात असताना, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, आईच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं. ती थरथरते, धापा टाकते, पाय ताठतात. वेळेत शिरेतून औषध गेलं नाही तर जीव जाऊ शकतो. गंमत अशी की गरोदरपणी प्रेमानं दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांनीच हे वाढतं, शरीर हाडांतून कॅल्शियम काढायची सवय विसरतं. आपल्याकडे बाळंतीण म्हटली की डिंकाचे लाडू आलेच. रेवाला ते अजिबात नकोत, त्यातले बेदाणे-मनुका कुत्र्याला विषासारखे.

कराचं दोन ओळींत. पिल्लं विकून आलेले पैसे शेतीचं उत्पन्न नाहीत, करमुक्तही नाहीत. ते व्यवसायाचं उत्पन्न. ज्याच्या नावावर दाखवाल त्याला साधा आयटीआर-१ चालणार नाही.

मग फीचं काय? एफडी मोडायचीच नाही. मोडल्याचा दंड किरकोळ असतो, त्याचं मला काही वाटत नाही. पण एफडी आणि बचत मिळून तुमच्याकडे चार महिन्यांचा घरखर्च आहे, आणि नोकरी मुख्यतः एकाचीच. त्यातले पन्नास हजार रेवाच्या खोक्यात घातले तर तीन महिन्यांच्याही खाली याल, नेमकं सिझरची रात्र येऊ शकते त्याच काळात. डिसेंबर ते एप्रिल दर महिन्याला ८,००० वेगळे काढा, ४०,००० होतात. उरलेले पन्नास त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती न मोडता तिच्या तारणावर उचल, घ्या. बँका साधारणपणे एफडीच्या दरावर एक-दोन टक्के अधिक लावतात. पुढे महिन्याला आठ हजारांनी फेडलंत तर सात महिन्यांत मिटेल आणि व्याज दीड हजारांच्या आत बसेल. त्याआधी क्लासला विचारा, हप्ते पाडून देतात का. छापील कागदावर नसलं तरी समोर बसून विचारल्यावर पुष्कळ ठिकाणी देतात. विचारायला दोघं जा.

रेवाला एकदा तरी पिल्लं व्हावीत असं घरातलं कुणीतरी म्हणत असेल. तब्येतीसाठी त्याची गरज नसते. हौस म्हणून करायचं असेल तर वर्षभर थांबा: सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, सांध्यांचे एक्स-रे स्वच्छ, पाच घरांनी आधीच आगाऊ रक्कम दिलेली आणि रात्री फोन उचलणारा डॉक्टर. तेव्हाही ती हौसच धरा, खर्चाच्या रकान्यात लिहा.

आणि हौस नसेल, तर जुलैचा माज होऊन आता चार महिने झाले, पुढचा दोन महिन्यांवर आहे. नसबंदीला ही मधली वेळ सोयीची. न केलेल्या कुत्रीला उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका राहतो आणि ते ऑपरेशन महागात पडतं. महू आणि घराजवळचा दवाखाना, दोन्हीकडून रक्ततपासणीसकट खर्च लिहून आणा. डिसेंबरात जमलं नाही तर जानेवारीच्या दहा तारखेपासून माज पूर्ण संपेपर्यंत फाटकाला आतून कडी, आणि फिरायला नेताना पट्टा हातातून सोडायचा नाही.