आधी गटार की आधी सभामंडप?

प्रश्न: आमच्या गावात दरवर्षी सभामंडप नाहीतर पेव्हर ब्लॉकच मंजूर होतात. आमच्या आळीचं गटार तुंबलेलंच आहे. ग्रामसभेत बोललं की ‘पुढच्या आराखड्यात घेऊ’ म्हणतात. आमनं कोन ऐकस? (शिरपूर तालुक्यातील एक ताई)

उत्तर: ताई, नुसतं बोलून खाली बसू नका, ठराव मांडा. तो इतिवृत्तात उतरला का, हे उठण्याआधी वाचून घ्या. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. गटाराचा विषय तिथेच पक्का करून, सगळ्यांच्या सह्या घेऊन पुढे या.

पैशाचंही विचारा. २०२१ ते २०२६ या काळातल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच वापरायची: निम्मी पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. सांडपाण्याचं काम त्यात बसतं, सभामंडप बसत नाही. ती रक्कम कुठे खर्च झाली, किती शिल्लक आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) सभेतच विचारा.

मी नोकरीत असताना चोपड्याकडच्या एका गावात बायकांनी तुंबलेलं गटार दोरीनं मोजून आणलं होतं. कोणाच्या ओट्यापासून कोणाच्या गोठ्यापर्यंत, ढापा कुठे खचलाय, पाणी कुठे उलटं फिरतंय, सगळं वहीच्या एका पानावर. अभियंता ते पान घेऊनच पाहणीला निघाला. तक्रार सगळेच करतात, पण असं मोजून आणलेलं काम टाळणं फार अवघड जातं.

प्रश्न: जळगावात आमच्या कॉलनीत शेवटच्या सहा घरांना जेमतेम दोन हंडे पाणी मिळतं. प्रत्येकानं अर्ज केला, उपयोग शून्य.

उत्तर: सहा अर्ज नकोत, एकच करा. आधी पाण्याच्या पाच-सहा पाळ्यांची नोंद ठेवा: पाणी कधी आलं, कधी गेलं, कोणत्या घरी किती भरलं. मग व्हॉल्व्हमनला बोलवा. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडतो हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं, आणि त्याला आपुलकीनं विचारणारेही थोडेच. नळाला थेट मोटार लावणारे शेजारी असतील तर त्यांच्याशी तुम्हालाच बोलावं लागेल. अवघड आहे, पण त्याशिवाय दाब वाढणार नाही.

प्रश्न: आमचा पाडा धडगाव तालुक्यात डोंगराच्या पलीकडे आहे. ग्रामसभेला पोहोचेपर्यंत ती संपलेली असते.

उत्तर: तुमच्याकडे १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे आदिवासी (अनुसूचित) भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा, लागू आहे. राज्याच्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतं, म्हणजे ग्रामसभा तुमच्याच अंगणात. पाड्यातल्या मतदारांनी बहुमतानं ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा, पोच घ्यायची. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून थेट मिळणाऱ्या ५ टक्के निधीचा हिशोबही मागा. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभाच ठरवते. शक्य झालं तर चार तरुणांना साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला पाठवा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी एकत्र बसून जंगल कसं राखलं, हे त्यांना तिथल्या माणसांकडूनच ऐकू द्या.