'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधली कनिंगहॅम आणि यूएल ही दोन्ही कुटुंबं गरीबच आहेत, मग त्यांच्यात एवढा फरक का?

मी कोल्हापुरात कॉलेजच्या पोरांना ही कादंबरी शिकवते. दर वर्षी हा प्रश्न निघतो आणि 'एक प्रामाणिक, दुसरं लबाड' असं लिहून पोरं मोकळी होतात. मला ते अपुरं वाटतं. कनिंगहॅमांना डोक्यावरचं देणं झोपू देत नाही. आपणही कुणाचं काही लागतो, हे यूएलांच्या घरातल्या बापाच्या, बॉबच्या, गावीच नसतं. खरा फरक मला इथं दिसतो.

काळ 1930च्या दशकातल्या मंदीचा, जागा अलाबामा. शाळेच्या पहिल्याच दिवशी नव्या बाई वॉल्टर कनिंगहॅमला जेवणासाठी 25 सेंट देऊ करतात, उद्या परत दे म्हणतात. पोरगं उपाशी असूनही मान हलवून नको म्हणतं, कारण उद्या आणायचे कुठून? त्याचा बाप अॅटिकस वकिलांची फी अशीच फेडतो: कधी चुलीची लाकडं, कधी पोतंभर हिकरीची फळं, कधी सलगमचा पाला. माझे आजोबा वकिलाकडे कारकून होते. पन्हाळ्याकडचे पक्षकार गुळाची ढेप नाहीतर शेंगांचं पोतं ओट्यावर ठेवून जायचे. त्यामुळं हा प्रसंग मला कुणी समजावून द्यावा लागला नाही.

दुपारी वॉल्टर अॅटिकसच्या घरी जेवायला येतो आणि काकवी मागून सगळ्या ताटावर ओततो. अॅटिकसची छोटी मुलगी स्काउट त्याला टोकते, तर स्वयंपाकीण कॅल्पर्निया तिलाच आत नेऊन झापते: घरी आला तो पाहुणा. आमच्या वर्गात काकवीत भाकरी कुस्करून वाढलेली पोरं असतात. त्यांना वॉल्टरचं काहीच चुकलेलं वाटत नाही.

यूएल राहतात गावाच्या उकिरड्यामागं. सरकारी मदतीचा चेक बॉब दारूत उडवतो. पोरं उपाशी मरू नयेत म्हणून गाव त्याच्या बेकायदा शिकारीकडं काणाडोळा करतं. पोरं वर्षातून एक दिवस शाळेत येतात, नाव लागण्यापुरती. हाच बॉब टॉम रॉबिन्सन या निरपराध काळ्या माणसावर आळ घेतो, की त्यानं आपल्या मुलीवर, मेयेलावर, बलात्कार केला.

पण कनिंगहॅमांना देवमाणसं करू नका. टॉमला तुरुंगातून ओढून न्यायला आलेल्या जमावात वॉल्टरचा बाप असतोच. स्काउट त्याला ओळखून पोराची चौकशी करते, जमिनीच्या खटल्याचं विचारते. तो खाली बसतो, तिचे खांदे धरतो आणि जमावाला परत फिरवतो. या घराचं आपण काय लागतो, ते त्याला त्या क्षणी आठवलं असं मी मानते. पुढं ज्युरीतही एक कनिंगहॅमच टॉमला सोडा म्हणून बराच वेळ अडून बसतो.

आणि उत्तर लिहिताना मेयेला यूएलला विसरू नका. तीही त्याच घरातली. भावंडांना आइस्क्रीम मिळावं म्हणून वर्षभर सात नाणी साठवणारी. उकिरड्याशेजारच्या त्या अंगणात टवके उडालेली इनॅमलची सहा भांडी आहेत, त्यांत लाल जिरॅनियम, निगुतीनं जपलेली. ती कोर्टात खोटं बोलते, त्यात एका माणसाचा जीव जातो, ते माफ होत नाही. पण अॅटिकस तिला 'मॅम' म्हणतात तेव्हा तिला वाटतं, हे आपली टिंगल करताहेत. एवढ्या आदरानं तिच्याशी तोवर कुणी बोललेलंच नसतं.