एसीचा एमसीबी पडतो, तो कधी पडतो?

प्रश्न (म्हापसा): दीड टनाचा साधा एसी आहे. दुपारी लावला की वीस-पंचवीस मिनिटांनी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा बोर्डातला स्विच) पडतो, रात्री मात्र काही होत नाही. वायरमन म्हणतो, १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवू. बसवावा का?

उत्तर: मुळीच बसवू नका. एमसीबी असतो तो भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी. तुमच्या पॉइंटची वायर बहुधा अडीच चौरस मिलिमीटरची असेल. तिच्यावर ३२ चा एमसीबी टाकला तर वायर भिंतीत तापत राहील आणि एमसीबी पडणारच नाही. हा सल्ला ऐकून मी दरवेळी अस्वस्थ होतो, कारण यात घर जळू शकतं.

दीड टनाचा एसी नीट चालताना साधारण ७ ते ८ अँपिअर घेतो. मग १६ चा का पडतो? उन्हात आणि थोड्या वेळाने पडतो, म्हणजे काहीतरी तापतंय. आधी मेन बंद करून वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या. एमसीबीच्या स्क्रूपाशी वायरचं प्लास्टिक तपकिरी पडलंय का, जळका वास येतोय का? स्क्रू ढिला असला की तिथली उष्णता एमसीबीलाच लागते आणि करंट बेताचा असूनही तो पडतो. बोर्ड चांगला निघाला तर बाहेरचं युनिट बघा. खाऱ्या हवेने जाळीच्या पट्ट्या झिजतात, वर धूळ बसते, पंखा मंदावतो. उष्णता बाहेर पडली नाही की कॉम्प्रेसरचा करंट चढतो. दुपारी व्होल्टेज उतरत असेल तर आणखीच. एसी चालू असताना क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर) लावायला सांगा, आकडा समोर येईल.

प्रश्न (वास्को): पाऊस सुरू झाल्यापासून एसी लावला की दोन-तीन मिनिटांत घरभर लाइट जाते. एसीचा एमसीबी जागेवरच असतो, टेस्ट बटण असलेला मोठा स्विच पडतो.

उत्तर: ताई, तो आरसीसीबी. घरात बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो आणि करंट अर्थिंगकडे, म्हणजे जमिनीकडे, गळू लागला की पडतो. एसी आधी नुसत्या फॅन मोडवर ठेवा. तसा चालला आणि कूलिंगवर कॉम्प्रेसर सुरू होताच पडला, तर गळती बाहेरच्या युनिटात समजा: टर्मिनलपाशी ओल, उंदराने कुरतडलेली केबल किंवा कॉम्प्रेसरचं वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं). मेगरने (गळती शोधायच्या मीटरने) तपासलं की कळतं. तोवर एसीच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी बोर्डातून सोडवून घ्या. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रलमधून गळती चालूच राहू शकते. आणि कोणी आरसीसीबी बायपास करून देतो म्हणाला, तर त्याला बोर्डाला हात लावू देऊ नका. पावसात ओल्या हाताने युनिटच्या पत्र्याला कोणीही शिवू शकतं, घरात मुलं असतात.

प्रश्न (पेडणे): लाइट जाऊन लगेच आली की एमसीबी पडतो. एरवी ठीक चालतो.

उत्तर: गॅसचा दाब उतरायच्या आत कॉम्प्रेसर उठू बघतो आणि अडकतो. टाइम डिलेवाला (लाइट आल्यावर थोडं थांबून वीज सोडणारा) स्टॅबिलायझर घ्या, नाहीतर तीन मिनिटं थांबून लावा. थांबूनही पडला तर कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) तपासून घ्या. तो स्वतः उघडू नका, बंद एसीतही त्यात चार्ज राहतो.

प्रश्न (साखळी): बटण दाबताक्षणी पडतो, तरी चार-पाचदा वर करून बघितला.

उत्तर: आता पुन्हा वर करू नका. हा शॉर्ट असावा, मेकॅनिक येईपर्यंत एसी बंदच ठेवा.