रेपो रेट वाढवल्याने महागाई कशी कमी होते? टोमॅटो स्वस्त होतो का?

टोमॅटो स्वस्त होत नाही. जुलै २०२३ मध्ये प्रामुख्याने भाज्यांमुळे महागाईचा दर ७.४४ टक्क्यांवर गेला, तेव्हा रेपो (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर) ६.५० टक्क्यांवर होता आणि तिथेच राहिला. भाव उतरले ते बाजारात आवक वाढल्यावर. पाऊसपाणी रिझर्व्ह बँकेच्या हातात नाही. तिला फक्त तुमच्या-माझ्या खर्चाला आवर घालता येतो, आणि माझं दुखणं नेमकं तिथेच आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये मी घरासाठी ३० लाखांचं कर्ज काढलं. मुदत वीस वर्षं, व्याज ६.९ टक्के, हप्ता २३,०७९. रेपो तेव्हा ४ टक्के होता आणि माझा दर त्यालाच जोडलेला. मे २०२२ मध्ये, ठरलेली बैठक नसताना, रिझर्व्ह बँकेने रेपो ४.४० केला. त्या एप्रिलची महागाई ७.७९ टक्के होती. महागाईसाठी तिचं लक्ष्य ४ टक्क्यांचं, फार तर ६ पर्यंत चालतं. सप्टेंबरअखेर रेपो ५.९० झाला. माझ्या खात्यातून मात्र दरमहा तेवढेच पैसे जात होते, म्हणून मी निर्धास्त होतो.

डिसेंबरात स्टेटमेंट काढलं आणि हातपाय गार पडले. दर ८.८. हप्त्यातले एकवीस हजार चारशे व्याजात, मुद्दलात जेमतेम सोळाशे. उरलेले हप्ते ३६१! सोळा हप्ते भरूनही वीस वर्षांचं कर्ज तीस वर्षांवर गेलं होतं, आणि बँकेने साधं कळवलंही नव्हतं.

आमचे दाजी बँकेतूनच निवृत्त झालेले. म्हणाले, "हप्ता वाढला नाही ना? मग कशाला डोक्याला ताप करून घेतोस?" त्यावरून दिवाळीपर्यंत धुसफूस चालली. मी ऐकलं नाही. अर्ज देऊन हप्ता २६,६०० करून घेतला आणि मुदत पूर्वीचीच ठेवली. त्याच दराने हिशेब केला तर २३ लाखांच्या वर वाचतात.

आता तुमचा प्रश्न. माझ्या घरचे साडेतीन हजार त्या महिन्यापासून कमी झाले. टीव्ही घ्यायचा राहिला. अशी लाखो घरं हात आखडतात, नवी कर्जं कमी निघतात, तेव्हा दुकानदाराला भाव वाढवता येत नाही. रेपोचं काम ते एवढंच. हप्ता तोच ठेवून बँक मुदत ताणते, तेव्हा ग्राहक पहिल्यासारखाच खर्च करत राहतो. म्हणजे महागाईवरचं औषधही लागू पडत नाही आणि कर्जदारही बुडतो. दाजींना हे अजून पटलेलं नाही.

ऑगस्ट २०२३ पासून हप्ता वाढवायचा की मुदत, हे बँकेने तुम्हाला विचारायला हवं असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. हप्ता वाढवूनच घ्या. पगार खरंच पुरत नसेल तर मुदत वाढवण्यात गैर नाही, पण पुढे दर उतरले की हप्ता मात्र कमी करून घेऊ नका. स्थिर दराचं कर्ज असेल तर यातलं काही तुम्हाला लागू नाही.