नाश्त्याचे सॉसेज बाहेरून करपतात, आतून कच्चे राहतात. नीट कसे शिजवायचे?

थंड पॅनमध्ये सॉसेज मांडा, तळ जेमतेम झाकेल इतकं पाणी घाला, झाकण ठेवा आणि मग गॅस पेटवा. खरं उत्तर एवढंच आहे. पण तुम्ही प्रश्न इतका सविस्तर लिहिलाय की पुढचंही सांगायला हवं.

तुम्ही म्हणता, तेल चांगलं कडकडीत तापवून त्यात बोटाएवढे लिंक सॉसेज सोडता. दोन-तीन मिनिटांत ते बाहेरून काळपट होतात, त्यातले एक-दोन फुटतात, आणि कापून पाहिलं तर मधलं मांस अजून चिकट आणि गुलाबी. ‘काट्याने टोचून घ्यावेत का’ आणि ‘शिजले हे ओळखायचं कसं’ हेही विचारलंय.

त्याआधी एकदा पाकीट नीट वाचा. हे सॉसेज दोन तऱ्हेचे मिळतात. काही आधीच शिजवलेले असतात, त्यावर ‘फुल्ली कुक्ड’ असं छापलेलं असतं, आणि ते फक्त गरम करून रंग आणायचा असतो. बाकीचे कच्चे असतात, म्हणजे पातळ आवरणात भरलेला मसालेदार खिमा. तुमच्या वर्णनावरून तुमचे कच्चेच दिसतात. रंगावरून मात्र ठरवू नका. धुरी दिलेले काही सॉसेज दिसायला अगदी तयार वाटतात, पण शिजवल्याशिवाय खाण्याजोगे नसतात. छापलंय तेच खरं धरायचं.

आता घोटाळा कुठे होतोय ते बघू. सॉसेजला तपकिरी, खमंग रंग यायचा तर वरचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जावा लागतो. आतला खिमा शिजायला मात्र ७१ अंश पुरतात. दोन्ही कामं एकाच वेळी कडक तेलावर सोपवली की रंगाचं काम झटपट उरकतं आणि शिजण्याचं मागे राहतं, कारण मांसातून उष्णता आत सरकते ती फार सावकाश. तुम्हाला वाटतं बाहेरून झालं म्हणजे झालं. आत मात्र जेमतेम कोमट झालेलं असतं.

फुटण्याचं कारणही यातच आहे. हे आवरण मेंढीच्या आतड्याचं किंवा तयार कोलॅजनचं (कातडी-आतड्यांत असणाऱ्या प्रथिनाचं) असतं. कोलॅजन साठ अंशांच्या पुढे गेलं की आकसायला लागतं. त्याच वेळी आत चरबी वितळत असते, कडेच्या भागातल्या पाण्याची वाफ होत असते. बाहेरून आवळलं जातंय आणि आतून फुगतंय, तेही काही सेकंदांत. मग जिथे आवरण पातळ असेल तिथे फाटतं. हळूहळू तापवलं तर त्याच आवरणाला सावरायला वेळ मिळतो, थोडी वाफ आणि चरबी टोकांतून निघून जाते आणि सॉसेज सहसा अखंड राहतो.

पाणी नेमकं इथेच कामाला येतं. पॅनमध्ये पाणी आहे तोवर खालची उष्णता १०० अंशांच्या फार पुढे जात नाही. म्हणजे करपण्याची सोयच नाही. झाकणामुळे वाफ कोंडते आणि सॉसेज चारही बाजूंनी शिजतात, फक्त जिथे तळाला टेकलेत तिथेच नाही. शिवाय तेवढ्या वेळात चरबी सुटून पाण्यात उतरते. पाणी उडालं की मागे ती चरबीच उरते आणि सॉसेज स्वतःच्याच चरबीत परततात. वरून तेल लागत नाही. या सॉसेजमध्ये चरबी काही कमी नसते. अमेरिकेत, जिथे नाश्त्याला हा प्रकार सर्रास खातात, तिथल्या सरकारी नियमाप्रमाणे ‘ब्रेकफास्ट सॉसेज’मध्ये ५० टक्क्यांपर्यंत चरबी चालते. त्यावर आणखी तेल ओतलं तर खाताना जीभ आणि टाळू दोन्ही माखतात.

मी करते ते असं. जाड बुडाचा पॅन, त्यात सॉसेज एका थरात, एकमेकांना न चिकटता. आठ-दहा लिंकना पाव कप पाणी पुरे होतं. झाकण ठेवून मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं, मध्ये एकदा चिमट्याने उलटायचे. मग झाकण काढायचं.

या क्षणी ते अजिबात चांगले दिसत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. राखाडी, ओलसर, थोडे सुजलेले, आणि टोकांकडून खिमा जरासा बाहेर डोकावतोय. इथेच बऱ्याच जणांचा धीर सुटतो आणि हात गॅसच्या बटणाकडे जातो. वाढवू नका. उरलेलं पाणी दोन-तीन मिनिटांत आटतं, आणि ते डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं. आधी पाण्याची खदखद असते, मग पाणी आणि चरबी एकत्र आल्यावर जोरात तडतडायला लागतं (या अर्ध्या मिनिटात झाकण तिरकं धरा, हातावर उडतं), आणि मग आवाज एकदम बारीक होऊन एकसारखी चरचर सुरू होते. चरचर सुरू झाली म्हणजे पाणी संपलं. आता आच मध्यमपेक्षा कमी करा आणि चार-पाच मिनिटं सॉसेज पॅनमध्ये लोळवत राहा. गोल वस्तू असल्याने ते नेहमी एकाच बाजूवर येऊन थांबू पाहतात, म्हणून चिमट्याने थोडं थोडं फिरवावं लागतं. पॅनच्या कडेला टेकवून उभे धरले तर ती हट्टी बाजूही रंगते. सगळीकडे सारखा रंग यायलाच हवा असं काही नाही, मला तर दोन बाजू गडद आणि दोन फिक्या असलेलेच आवडतात.

टोचायचे का? नाही. टोचण्यामागे हेतू असा की वाफ बाहेर पडावी आणि सॉसेज फुटू नये. पण भोकांतून वाफेबरोबर रस आणि चरबीही जाते आणि खिमा कोरडा, भुसभुशीत होतो. आच आवरली तर टोचायची गरजच पडत नाही. एखादा फुटलाच तर फुटलेली बाजू खाली करून ठेवा. तिथला खिमा थेट पॅनला लागून जो कुरकुरीत होतो, त्यावरून आमच्याकडे भांडणं होतात. आणि पाकिटातून काढल्यावर धुऊ तर मुळीच नका. धुण्याने जंतू मरत नाहीत, ते सिंकभर उडतात.

आता शिजले की नाही. सरळ थर्मामीटर घ्या. मांसात खुपसायचा, पटकन आकडा दाखवणारा. डुक्कर, गाय, मेंढीचं मांस असेल तर आत ७१ अंश सेल्सिअस, कोंबडी किंवा टर्की असेल तर ७४. हे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याचे आहेत आणि खिम्याच्या कुठल्याही पदार्थाला लागू पडतात. डुक्कर, गाय, मेंढीच्या सबंध तुकड्याला याच खात्याने ६३ अंश आणि तीन मिनिटं विसावा एवढंच सांगितलंय, मग खिम्याला जास्त का? सबंध तुकड्यावर जंतू असले तर बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात आणि चटका लागताच मरतात. खिमा करताना बाहेरचं आत आणि आतलं बाहेर होतं, म्हणून मध्यबिंदूही तितकाच तापावा लागतो.

थर्मामीटर लावताना बहुतेक जण सॉसेजच्या पोटातून आरपार घालतात. लिंकची जाडी असते जेमतेम दोन सेंटीमीटर, टोक पलीकडे निघतं आणि तुम्ही पॅनचं तापमान वाचत बसता. टोकाकडून, लांबीच्या दिशेने घाला, म्हणजे सुईचं टोक बरोबर मधोमध येतं.

थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड सॉसेज काढून मधोमध कापा. तेव्हा रंग बघू नका, पोत बघा. कच्चा खिमा लगद्यासारखा चिकट आणि चकचकीत असतो, सुरीला ओढल्यासारखा लागतो. शिजलेला घट्ट असतो, कापल्यावर त्याचे दाणे सुटे दिसतात. गुलाबी रंग दोन्ही बाजूंनी फसवतो. लाल मिरची घातलेले किंवा नायट्राइट (मांस टिकवायला घालतात तो क्षार) असलेले सॉसेज पूर्ण शिजूनही गुलाबी राहतात, आणि उलट काही खिमा सुरक्षित तापमानाला पोचण्याआधीच तपकिरी पडतो. शंका आलीच तर दोन चमचे पाणी, झाकण, आणखी दोन-तीन मिनिटं. एवढ्याने काही बिघडत नाही.

फ्रीजरमधले सॉसेज एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. ते सुरीने सोडवायला जाऊ नका, आवरण फाटतं. आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये ठेवले तर उत्तम. राहून गेलं तर बंद पाकीट गार पाण्यात बुडवून ठेवा. तेवढाही वेळ नसेल तर तो गोठलेला गठ्ठा तसाच पॅनमध्ये ठेवून पाणी दुप्पट घाला. तीन-चार मिनिटांत तो सैल पडतो, मग चिमट्याने एकेक वेगळा करा आणि एकूण वेळ दीडपट धरा. ओट्यावर तासन्‌तास ठेवून बर्फ सोडवणं मात्र नको. बाहेरचा भाग गरम होऊन जंतूंना मोकळं रान मिळतं आणि आत बर्फ तसाच असतो.

मेपल सिरप किंवा ब्राउन शुगर घातलेले असतील तर शेवटच्या टप्प्यात आच आणखी कमी ठेवा. साखर मांसाच्या आधी करपते आणि कडू होते. कोंबडी-टर्कीच्या सॉसेजमध्ये बहुधा चरबी कमी असते, तिथे पाणी आटल्यावर चमचाभर तेल घालावंच लागतं. आणि ७४ च्या फार पुढे नेऊ नका, रबर होतो.

माणसं जास्त असतील तर ओव्हन बरा. २०० अंशांवर, ट्रेमध्ये मोकळे मांडून, १८ ते २० मिनिटं, मध्ये एकदा उलटून. काम सोपं होतं, पण आवरण जरा चिवट होतं असं माझं मत. एअर फ्रायरमध्ये १९० अंशांवर आठ-दहा मिनिटांत छान होतात. माझी तक्रार एवढीच की चरबी खालच्या भांड्यात गळून जाते आणि अंडी करायला काही उरत नाही. पातेलंभर पाण्यात उकळून पाणी फेकून देणारेही भेटतात. त्या पाण्याबरोबर मीठ, सेज (खिम्यात घालतात तो सुगंधी पाला), मिरी, सगळी चव जाते. तसं करायचं असेल तर सॉसेज आणलेतच कशाला?

पॅनमध्ये उरलेल्या चरबीत अंडी फोडा, वेगळं मीठ फारसं लागत नाही. नको असेल तर ती सिंकमध्ये ओतू नका. पाइपात जाऊन गोठते. वाटीत काढून गार होऊ द्या आणि घट्ट झाली की कचऱ्यात टाका.

कच्चे सॉसेज फ्रीजमध्ये एक-दोन दिवसच ठेवा, त्यापुढे ठेवायचे तर फ्रीजरमध्ये. शिजवलेले तीन-चार दिवस टिकतात, पण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी गरम करतानाही हीच रीत: चमचाभर पाणी, झाकण, आणि शेवटी झाकण काढून मिनिटभर. मायक्रोवेव्हही चालतो, फक्त पूर्ण ताकदीवर लावू नका, तिथेही फुटतात आणि साफसफाई तुमच्याच गळ्यात येते.